उमेदवार

स्वयंपाकघरातला सिलिंडर संपला की त्यातलं ब्युटेन कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. जळलं, झालं. पण जिथे काडी नाही आणि प्राणवायूही नाही, तिथेही ब्युटेन संपवणारे आहेत.

मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात ग्वायमास खोरं आहे. सुमारे २,००० मीटर पाण्याखाली तिथे गाळाचा जाड थर आहे. खालच्या उष्णतेनं त्यातले सेंद्रिय अवशेष शिजतात आणि तेल, वायू बनतात. एरवी लाखो वर्षं घेणारं काम इथे काही हजार वर्षांत उरकतं. याच गाळातून ५० अंश सेल्सिअसला वाढवलेल्या एका आर्कियाची (जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या एकपेशीय जीवाची) ओळख २०१६ साली ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह करून दिली : कँडिडॅटस सिंट्रोफोआर्कियम ब्युटानिव्होरान्स.

मिथेन बनवणारे आर्किया शेवटच्या पायरीला जे विकर वापरतात, त्याच्याच भाऊबंदानं हा ब्युटेनला हात घालतो आणि ते पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत मोडतो. खरी अडचण त्यापुढची. मोडताना सुटलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. आपण ते प्राणवायूला देतो. आपला श्वास तो त्यासाठीच. याच्याकडे ती सोयच नाही. अंगाला चिकटलेला एक जिवाणू ते इलेक्ट्रॉन घेतो आणि समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला देतो. दोघांच्या मधे तारांसारखे बारीक धागेही दिसले आहेत. जेवतो एक, श्वास घेतो दुसरा.

इथे ‘दोन कुडी, एक जीव’ म्हणायचा मोह होतो. (सहकाराचं व्याख्यान तर तयारच असतं.) पण हा संसार बरोबरीचा नाही. अशा जोडीदार जिवाणूला हायड्रोजन दिला तर तो आर्कियाविना वाढतो. जेवणाऱ्याला मात्र एकट्यानं वाढवणं जमलेलं नाही.

म्हणून तर नावापुढचं ‘कँडिडॅटस’, म्हणजे उमेदवार, सुटत नाही. रूढ नियमांनुसार पक्क्या नावासाठी शुद्ध संवर्धन लागतं आणि त्याचे नमुने दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात. शुद्ध म्हणजे एकटा. आपल्या नियमाला जीव म्हणून एवढंच कळतं : जो शेजाऱ्यापासून सोडवून बाटलीत ठेवता येतो. २०२२ पासून जनुकसंचावरून नाव देणारी वेगळी संहिता आहे, पण तिथेही प्रत्येकाचं नाव वेगळं. मला मात्र, जोडी असमान का असेना, दोघांच्या त्या अख्ख्या पुंजक्यालाच एक नाव द्यावंसं वाटतं.