उशाशी बसण्याची पाळी

हसनाबादला आमच्या घरी महिन्याची एक तारीख आली की आजी पिशवी भरायची. दोन लुगडी, तपकिरीची डबी, चष्म्याचं घर, औषधाची बाटली आणि पितळेची एक वाटी. एक महिना आमच्याकडं, एक महिना काकांकडं. दोन घरांत अंतर एका गल्लीचं. पिशवी उचलायचं काम माझं. वाटेत कुणीतरी हमखास विचारायचं, "माय, आता कुणाकडं?" आजी हातानंच काकांच्या घराकडं दाखवायची.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. रान वाटलं गेलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, तशी आजीचीही पाळी ठरली. भोकरदन तालुक्यात अशी घरं आजही आहेत. काही ठिकाणी आई थोरल्याच्या वाट्याला येते आणि बाप धाकट्याच्या. पन्नास वर्षं एका ताटलीत मीठ-भाकर खाल्लेली ती दोघं मग लग्नाकार्यात भेटतात. अशा घरांतली माणसं वृद्धाश्रमाचं नाव काढलं की कानावर हात ठेवतात. "आमच्यात तसलं नसतं," म्हणतात. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. मग ख्रिस्ती मिशनांच्या कामाविषयी वाचलं.

जालन्याच्या माणसाला ख्रिस्ती मिशन म्हटलं की मिशन हॉस्पिटल आठवतं. थोडं वाचलेल्यांना मिशनरी नारायण शेषाद्री आणि त्यांनी जालन्याजवळ वसवलेलं बेथेल गाव आठवतं. पण आजारी माणसाला बरं करून घरी धाडणं वेगळं. जो आता बरा होणार नाही आणि ज्याला धाडायला घरही नाही, अशा माणसाजवळ राहणं वेगळं. या दुसऱ्या कामाची एक गोष्ट फ्रान्समधली आहे.

ब्रिटनी प्रांतातल्या सँ सेर्व्हां या गावात झान जुगां नावाची बाई राहायची. घरकाम करून पोट भरणारी, सत्तेचाळीस वर्षांची, अविवाहित. 1839 च्या हिवाळ्यात तिनं एका आंधळ्या, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला आपल्या घरी आणलं आणि स्वतःचा पलंग तिला देऊन टाकला. स्वतः माळ्यावर झोपू लागली. मग दुसरी म्हातारी आली, तिसरी आली. त्यांना खाऊ घालण्यासाठी झान हातात टोपली घेऊन दारोदार फिरली. त्या टोपलीतून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. 1882 मध्ये या भगिनी कोलकात्यात आल्या. मुंबईत अंधेरीच्या महाकाली रस्त्यावर त्यांचं घर आहे. जात-धर्म न विचारता ते गरीब वृद्धांना आसरा देतं.

या धर्मभगिनी ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही नेहमीची तीन व्रतं घेतातच, शिवाय चौथं एक व्रत घेतात. ते आतिथ्याचं. हा शब्द माझ्या मनातून जात नाही. आपण म्हाताऱ्यांच्या बाबतीत 'सेवा' म्हणतो, 'सांभाळणं' म्हणतो, रागात असलो तर 'पोसणं' म्हणतो. या तिन्ही शब्दांत देणाऱ्याचा हात वर असतो. आतिथ्यात मान पाहुण्याचा. त्याला काय आवडतं ते विचारावं लागतं आणि त्याच्यासाठी आपला पलंग सोडावा लागतो. आमच्या घरी आजी दर महिन्याला पाहुण्यासारखी यायची, पण पाहुण्याचा मान काही तिला कधी मिळाला नाही.

भगिनींच्या अशा घरातला दिवस साधा असतो. सकाळची प्रार्थना, चहा, नाश्ता. ज्यांचे हात चालतात त्यांनी भाजी निवडायची, लसूण सोलायचा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. ते काम बायका नेमून करून घेता आलं असतं, पण म्हाताऱ्या माणसाला आपला हात कुठंतरी लागतो आहे हे कळणं औषधाइतकंच लागतं. आमच्या घरी आजीनं डाळ निवडायला घेतली की आई म्हणायची, "राहू द्या, तुम्हाला दिसत नाही." आईच्या मनात प्रेमच होतं. पण आजी सूप खाली ठेवायची आणि भिंतीकडं बघत बसायची, ते मी पाहिलं आहे.

अशा घरांत सारं गोडच असतं असं मला म्हणायचं नाही. घंटेवर उठायचं, ठरल्या वेळी दिवा मालवायचा, शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसाचा खोकला रात्रभर ऐकायचा, हे सोपं नाही. लेकाची वाट बघणं तर कुठल्याच प्रार्थनेनं थांबत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. 1896-97 च्या दुष्काळात याच बाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या. त्या वसाहतीत म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी वेगळं घर होतं. त्याचं नाव प्रीतिसदन. 'अनाथ' नाही, 'निराधार' नाही, प्रीती. जिला स्वतःच्या आईला वाचवता आलं नाही, तिनं दुसऱ्यांच्या आयांसाठी निवडलेलं हे नाव आहे, हे लक्षात आल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

2007 पासून आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदाही आहे. प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, मुलाकडून खर्च मागता येतो. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, असंही त्यात लिहिलं आहे. हे हवंच. उपाशी म्हातारीला आधी भाकरी मिळाली पाहिजे. पण तिच्याजवळ बसा, असा हुकूम कुठल्याही प्रांताधिकाऱ्याला काढता येणार नाही.

त्या लिटल सिस्टर्सची एक रीत आहे. घरातलं कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की त्याला एकटं सोडायचं नाही. रात्रंदिवस कुणी ना कुणी उशाशी बसतं. भगिनी आपसांत पाळ्या लावून घेतात. एक उठते, तेव्हा दुसरी येऊन बसलेली असते.

पाळी हा शब्द तिथंही आहे.

आमची आजी पौषात गेली. महिना काकांचा होता. रात्री तिनं दोनदा हाक मारली, असं शेजारी म्हणतात. थंडीमुळं दारं लावलेली होती. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, तेव्हा कळलं. मी धावत गेलो. पिशवी खुंटीला टांगलेली होती. एवढ्या वर्षांत ती कुठल्याच घरात रिकामी झाली नव्हती. लागेल ते काढायचं आणि पुन्हा आत ठेवायचं. तिचं सामान ठेवायला ना काकांकडं कोनाडा होता, ना आमच्याकडं. त्या दिवशीही ती पिशवी मीच उचलली आणि कुणाच्या घरी न्यायची ते मला कळेना.