दोन शेकोट्या

आजचे वाचन: योहान १८:१५-१८ आणि २१:९-१७



ज्याच्यावर मुलांची जबाबदारी आहे, त्यानं स्वतःची चूक मुलांसमोर कबूल करावी का? की शिस्त टिकावी म्हणून ती पोटात ठेवावी? मी एक रात्र ती पोटात ठेवली होती, म्हणून विचारतोय.

आमच्या अचलपूरच्या तरुण संघाचं शनिवार-रविवारचं शिबिर चिखलदऱ्याला होतं. परतवाड्याहून धामणगाव गढीवरून घाट चढलो की हवाच बदलते. ओळखीच्या एका आवारात तंबू ठोकले. मुलं-मुली मिळून २६ जण. नियम एकच होता: अंधार पडल्यावर आवाराबाहेर जायचं नाही. आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघ, बिबट, अस्वल, सगळं आहे तिथं.

मोजणीचं काम माझ्याकडे होतं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मोबाइलमध्ये छान यादी केली होती. रात्री जेवणाच्या रांगेवर एक नजर टाकली, सगळे दिसतायत असं वाटलं आणि २६ नावांपुढे टिक मारून मोकळा झालो. ऑफिसात न तपासता असं 'पास' लिहिणाऱ्यावर मीच चिडतो.

पावणेदहाला एका टपरीवाल्यानं आमच्यातल्या एका मुलाला गाडीवर आणून सोडलं. शेकोटीभोवती सगळे बसलेले. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "जेवणाच्या आंधीच गेलतो. बाबाची तब्येत बरी नाही, घरी फोन लावाचा होता. इथं रेंज नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "जेवणाच्या वेळी मोजलं होतंस ना?"

मी म्हणालो, "हो. सगळे होते."

स्वयंपाकाच्या मावशी मधेच बोलल्या, "पयले त्याले जेवू द्या, मंग बोला काय बोलाचं ते." पण तोवर ठरून गेलं होतं. पोरगा बाहेर गेला तो गेला, वर खोटंही बोलतोय. रविवारच्या उपासनेत त्याला ढोलक वाजवायची होती, ती काढून घेतली.

नियम मोडणं ही त्याची चूक होती. खोटेपणा मात्र त्याचा नव्हता. माझ्या एका "हो"मुळे त्याचं खरं बोलणं खोटं ठरलं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मला कोर्टकचेरीची वाटायची. ती शेकोटीजवळही लागू होते.

सकाळचं मनन मीच देणार होतो, आणि वाचन हेच होतं. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. मूळ ग्रीकमधला तो शब्द, अँथ्राकिया, अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. पहिल्या विस्तवाजवळ शेकत असताना पेत्र प्रभूला नाकारतो. दुसरा विस्तव प्रभू स्वतः तळ्याकाठी पेटवतो आणि त्यावर न्याहारी करतो. माझ्या टिपणात त्या मुलाला मी पेत्राच्या जागी बसवलं होतं, आणि स्वतःला, सांगायला लाज वाटते, न्याहारी देणाऱ्याच्या जागी. रात्री तंबूत पडल्या पडल्या लक्षात आलं: शेकोटीजवळ प्रश्न विचारल्यावर स्वतःला वाचवायला खोटं कोण बोललं होतं?

मन म्हणत होतं, आता सांगून काय उपयोग? मुलं ऐकणं सोडतील, आईबाप पुढच्या वेळी पाठवणार नाहीत. ही भीती अगदीच पोकळ नाही. आईबाप विश्वासावरच मुलं पाठवतात. पण तो विश्वास माझ्या मोजणीवर असतो, माझ्या रुबाबावर नाही. त्याला एकट्याला बाजूला घेऊन "सॉरी" म्हणावं, असंही वाटलं. पण तो खोटा ठरला होता सगळ्यांसमोर. एकांतातल्या माफीनं माझी लाज वाचली असती, त्याचं नाव नाही.

तळ्याकाठी प्रभू काय करतो ते पाहा. आधी खायला देतो, मावशी म्हणत होत्या तसंच. मग विचारतो, तीनदा नाकारलं म्हणून तीनदा. आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरं सोपवतो. ज्याचं खोटं झाकलेलं राहिलं अशा माणसाकडे ती सोपवलेली नाहीत. ज्याचं खोटं उघडं पडून भरून निघालं, त्याच्याकडे सोपवली.

सकाळी मनन दिलंच नाही. चुलीवर चहा उकळत होता, तिथं आधी साहेबांना आणि मग सगळ्यांना झालं ते सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यादी दुसऱ्याकडे दे." ते बरोबरच होतं. ढोलक त्या मुलाकडे परत गेली. उपासनेत त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तो त्याचा हक्क होता.

दुपारी गाडी निघताना साहेबांनी यादी पुन्हा माझ्या हातात ठेवली. तो मुलगा चढता चढता म्हणाला, "नाव घेऊन मोजजा, दादा."

आज स्वतःला विचारू या: माझ्या न तपासलेल्या "हो"मुळे कोणी खोटा ठरला आहे का?

प्रार्थना: हे प्रभू, विस्तवाजवळ मला प्रश्न विचारला जाईल तेव्हा खरं बोलायचं धैर्य दे. नाही बोललो, तर सकाळ होईपर्यंत मला झोप लागू देऊ नकोस. आमेन.