गाताना आपण खरं बोलतो का?

आजचं वचन : मत्तय २६:३०



आजचं वचन इतकं छोटं आहे की नजर त्यावरून सहज पुढे सरकते. शेवटचं भोजन आटोपलं, सगळ्यांनी मिळून स्तोत्र गायलं आणि मंडळी जैतुनाच्या डोंगराकडे निघाली. एवढंच. पण शुभवर्तमानांत येशू गायल्याचा उल्लेख असलेला हा एकमेव प्रसंग आहे. मत्तयने तो नोंदवलाय आणि मार्कनेही (१४:२६).

कोणतं स्तोत्र गायलं ते वचनात नाही. पण वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांमध्ये स्तोत्रसंहितेतली ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायची रीत होती आणि त्यातली शेवटची स्तोत्रं जेवणाच्या अखेरीला यायची. म्हणून परंपरेने असं मानलं जातं की त्या रात्री हीच गायली गेली. ११८ वं स्तोत्र उघडून बघा. सुरुवातीला देवाचे उपकार, शेवटी देवाचे उपकार. मध्ये बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड येतो, आणि देवाने घडवलेल्या दिवसाचा आनंद करा असं सांगणं येतं.

आता मत्तयचा तोच अध्याय फक्त आठ वचनं पुढे वाचा. २६:३८ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की माझा जीव दुःखाने मरणाच्या टोकाला आलाय.

३० व्या वचनात उपकारस्तुतीचं गाणं आणि ३८ व्यात मरणप्राय दुःख. मध्ये थोडीशी पायपीट. काय होणार आहे हे त्याला जेवतानाच माहीत होतं. मग गाताना जे ओठांवर होतं, तेच मनात होतं का? आणि नसेल, तर ते गाणं खरं कसं?

हा प्रश्न मला सोडत नाही, कारण मी चर्चच्या कॉयरमध्ये गातो. आठवडाभर कोड लिहायचा आणि रविवारी सकाळी मराठी मिस्साला गायचं, असं गेली बरीच वर्षं चाललंय. त्यात या प्रश्नाच्या दोन बाजू मला दिसल्या.

पहिली बाजू : भावना आहे, पण ती प्रार्थना आहे का?

माझ्या टीममधला एकजण डेडलाईन जवळ आली की हेडफोनवर ग्रेगोरियन चांट लावतो. तो ख्रिस्ती नाही, लॅटिनचा एक शब्दही त्याला कळत नाही. त्याने डोकं शांत होतं, फोकस लागतो, असं तो म्हणतो. त्यात काहीच गैर नाही. पण शेजारी बसून मी तेच ऐकतो तेव्हा मला प्रश्न पडतो, की माझ्या ऐकण्यात वेगळं काय आहे? मलाही शांत वाटतं. कधी अंगावर काटा येतो, कधी डोळे भरून येतात. पण तसे तर ते सिनेमातल्या एखाद्या गाण्यानेही भरून येतात. मग काटा आला म्हणजे प्रार्थना झाली, असं समजायचं का?

संत ऑगस्टीन यांना हाच प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी पडला होता. गाणं म्हणजे दुप्पट प्रार्थना, हे वाक्य आपण सगळीकडे त्यांच्या नावावर खपवतो. गंमत म्हणजे त्यांच्या लिखाणात ते त्या शब्दांत सापडत नाही. जे सापडतं ते जास्त प्रामाणिक आहे. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ते कबूल करतात की चर्चमधल्या संगीताबद्दल त्यांचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. कधी त्यांना वाटतं की या गोड चाली कानांपासून दूरच ठेवाव्यात. अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस स्तोत्र म्हणणाऱ्याला आवाजात इतका कमी चढउतार करायला सांगत की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई, असं ऑगस्टीन यांनी ऐकलं होतं, आणि तेच जास्त सुरक्षित, असं त्यांना वाटून जातं. पण मग त्यांना मिलानमधले दिवस आठवतात, नवी श्रद्धा घेतल्यावर चर्चमधली गाणी ऐकून आलेलं रडू आठवतं. शेवटी ते गाण्याच्या बाजूनेच झुकतात, पण एक अट घालून. गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्याच्या सुरानेच आपण जास्त हललो, तर ते त्यांना पाप वाटतं.

मला यातली कडकपणाची बाजू बाजूला ठेवावीशी वाटते आणि निदान जवळ ठेवावंसं वाटतं. सुराने हलणं वाईट नाही. तो सुरही देवानेच दिलाय. पण सूर हे दार आहे. दारातच बसून राहिलो, तर घरात गेलो असं होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पवित्र संगीताचा हेतू सांगितलाय : देवाचा गौरव आणि श्रद्धावंतांचं पवित्रीकरण. संगीताने प्रार्थनेत गोडवा येतो हेही तिथे मान्य केलंय. मात्र तो गोडवा प्रार्थनेसाठी आहे. प्रार्थनाच नसेल, तर गोडवा कशाला आणणार?

दुसरी बाजू : शब्द आहेत, पण भावना नाही. मग ते खोटं आहे का?

ही बाजू मला जास्त जड गेली. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात माझे पप्पा गेले. तीन आठवडे हॉस्पिटल, मग घरी रिकामी खुर्ची. चाळीस दिवसांच्या त्या काळात आपल्या मिस्सेत आलेलुया गायलं जात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या वर्षी मला ते बरंच वाटलं. गायचं नव्हतंच.

पण ईस्टरच्या रात्रीचा जागर आला. अंधारात पास्काची मेणबत्ती पेटली, वाचनं झाली आणि शुभवर्तमानाआधी आलेलुया परत आलं. मी कॉयरमध्ये टेनरच्या रांगेत उभा होतो. आनंदाचा कणसुद्धा नव्हता. मनात एकच विचार आला : हा शब्द आत्ता उच्चारला तर मी देवासमोर खोटं बोलेन. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

कॉयरमध्ये आपण एक साधी गोष्ट शिकतो. लांबलेला स्वर एकट्याच्या श्वासात मावत नाही, म्हणून सगळ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा. तू थांबशील तेव्हा शेजारचा स्वर धरून ठेवेल, तो थांबेल तेव्हा तू. ऐकणाऱ्याला स्वर तुटलेला कळतच नाही. त्या रात्री शेजारच्या अंकलनी तो स्वर धरला होता. त्यांच्याकडे मी पाहिलंही नाही, त्यांनीही माझ्याकडे नाही. दुसऱ्या ओळीला माझा आवाज त्यात मिसळला. आनंद तेव्हाही नव्हता. पण खोटंही वाटलं नाही.

का वाटलं नाही, हे समजायला मला बराच वेळ लागला. ऑफिसात रोज सकाळी मी स्टेटस सांगतो : काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. ते खरंच असायला हवं. पण उपासनेतलं गाणं म्हणजे माझ्या मनाचं स्टेटस नाही. मला आज कसं वाटतंय हे विचारून ख्रिस्तसभा आलेलुया ठरवत नाही, ते पंचांगाप्रमाणे ठरतं. मी खूश असलो तरी उपवासकाळात ते गप्प राहतं आणि मी मोडून पडलो तरी ईस्टरला परत येतं. कारण त्या शब्दांत माझ्याबद्दलचं विधान नाही, ख्रिस्ताबद्दलचं आहे. तो उठला आहे. मी रडत असलो तरी ते तितकंच खरं आहे. मी फक्त त्या खऱ्या गोष्टीला माझा श्वास उसना देतो.

म्हणूनच येशू त्या रात्री गाऊ शकला, असं मला वाटतं. उपकारस्तुतीचं स्तोत्र गाताना तो आपल्या मनाची अवस्था सांगत नव्हता. तो आपल्या लोकांचे शब्द आपल्या तोंडी घेत होता. आणि ते शब्द खरे मानून उठला, चालू लागला. नंतर बागेत जे दुःख सांगायचं होतं, तेही त्याने न लपवता सांगितलं. एकाने दुसरं खोटं ठरलं नाही.

ऑगस्टीन यांची आई मोनिका ३८७ साली ओस्तियात वारली. तेव्हा ते तेहतिसाव्या वर्षात होते, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या वयाचे. ते लिहितात की त्यांनी रडू दाबून धरलं होतं. मित्र एवोदियस याने स्तोत्रसंहिता उघडून स्तोत्र सुरू केलं आणि सगळं घर त्याला प्रतिसाद देऊ लागलं. दफन झालं, तरी अश्रू नाहीत. मग ते झोपले, उठले, अंथरुणात एकटे असताना संत अम्ब्रोज यांचं संध्याकाळच्या प्रार्थनेचं गीत त्यांना आठवलं, आणि तेव्हा कुठे अश्रूंना वाट मिळाली. आधी गाणं, भावना मागून. आपण नेहमी उलटा क्रम धरतो : आधी वाटू दे, मग गातो.

मग काहीही गायलं तरी चालतं का?

नाही. इथे आमोस संदेष्टा उभा आहे. ५:२३-२४ वाचा. देव लोकांना सांगतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, मला तुमच्या वाद्यांचं संगीत ऐकायचं नाही. लोक बेसूर गात होते म्हणून नव्हे, किंवा भावनेत कमी पडले म्हणूनही नव्हे. गरिबांना तुडवून ते गायला येत होते. पुढच्याच वचनात देव न्याय मागतो, वाहत्या पाण्यासारखा.

म्हणजे गाण्याला खोटं पाडते ती भावनेची उणीव नव्हे. शब्द तोंडाने घ्यायचे आणि आयुष्यात शिरू द्यायचे नाहीत, याने ते खोटं पडतं. रविवारी भाकरीचं गीत गायचं आणि सोमवारी घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ढकलायचा. शांतीचं गीत गायचं आणि भावाशी दोन वर्षं बोलायचं नाही. त्या वेळी डोळ्यांत कितीही पाणी असलं तरी आमोसचं वचन आपल्यासाठीच आहे.

आणि शब्द आयुष्यात शिरायचे तर आधी ते कळायला हवेत. संत पौल १ करिंथ १४:१५ मध्ये आत्म्याने गाणं आणि बुद्धीने गाणं, दोन्ही मागतात. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांकडे याचं सुंदर उदाहरण आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत लिहिली, तीही ओवीत. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, ओव्या जवळपास ११,०००. त्यांना कथा लोकांच्या बुद्धीपर्यंत तर पोहोचवायची होतीच, पण ज्या छंदात इथली माणसं आधीच देवाचं नाव घेत होती, त्याच छंदात ती त्यांच्या ओठांवर यावी असंही त्यांना वाटलं असणार. चाल आणि अर्थ एकत्र आले की शब्द माणसात मुक्काम करतात.

आज करून बघण्यासारखं

एक गीत निवडा, तुमच्या चर्चमध्ये गायलं जाणारं. आधी चाल सोडून फक्त शब्द सावकाश वाचा, जणू कोणी तुम्हाला पत्र लिहिलंय. एका ओळीवर थांबा. मग हेडफोन न लावता, स्वतःच्या आवाजात गा. आवाज चांगला नसला तरी चालेल, घरात आईबाबा हसले तरी चालेल. गाणं जितका वेळ चाललं, तितकाच वेळ नंतर गप्प बसा. त्या शांततेत एकच विचारा : प्रभू, या ओळीने आज मी काय करावं असं तुला वाटतं?

कदाचित काहीच वाटणार नाही. तरी घाबरू नका. शेजारी कोणीतरी स्वर धरून ठेवलाय.

प्रार्थना

प्रभू येशू, दुःखाच्या रात्री तू गायलास. माझ्या ओठांवरचे शब्द माझ्या मनापेक्षा मोठे आहेत, हे तुला ठाऊक आहे. ते हळूहळू माझ्या हातापायांत उतरू दे. माझा श्वास संपेल तेव्हा शेजाऱ्याचा ऐकू येऊ दे, आणि शेजाऱ्याचा संपेल तेव्हा मला जागं ठेव. आमेन.