चिऊनं दार उघडावं का?

मराठी घरात मूल झोपवताना सांगायची पहिली गोष्ट कोणती, यावर फारसं दुमत नाही. मेणाच्या घरातली चिऊ, शेणाच्या घरातला काऊ, धो धो पाऊस, वाहून गेलेलं घर आणि बंद दारावर पडणाऱ्या थापा. दुमत होतं ते यापुढे. काऊ बाहेर कुडकुडत उभा आहे आणि चिऊ आतून बाळाची अंघोळ, पावडर, तीट, झबलं-टोपडं अशी एकेक सबब सांगते आहे. मग काय होतं? कुणाच्या आजीनं काऊला आत घेऊन चुलीपाशी शेकायला बसवलं आणि त्याचे पंख पोळवले. कुणाच्या आईनं त्याला कोठीत जागा दिली आणि त्यानं रातोरात तिथलं धान्य फस्त केलं. कुणाकडे दार उघडलंच नाही. हल्लीच्या काही चित्रपुस्तकांत दोघं शेवटी दोस्त होतात.

ही गोष्ट सांगावी का, आणि सांगितली तर कोणत्या शेवटाची, यावर आजचे आईबाप वाद घालतात. लासलगावसारख्या बाजाराच्या गावातही घालतात. बालवाडीच्या फाटकाशी मुलांची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांत हा विषय काढून बघा. एक म्हणेल, चिऊ निष्ठुर आहे. शेजाऱ्याचं घर वाहून गेलंय आणि ही पावडर लावत बसलीय, हे मी माझ्या पोराला शिकवणार नाही. दुसरी म्हणेल, काय चुकलं तिचं? रात्रीची वेळ, घरात तान्हं बाळ, एकटी बाई. दार उघडायचं नाही हेच पोरींना शिकवायला हवं. यावर एखादी हळूच विचारते, पण चिऊचा नवरा कुठे असतो गं? गोष्टीत त्याचा पत्ताच नाही. हा प्रश्न मला फार आवडतो. लासलगावात त्याचं उत्तर सोपं आहे: तो कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीबाहेर रांगेत असणार. सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून रात्रीच वाहन लावून ट्रॉलीवर झोपणारे बाप आणि घरी पोरं निजवणाऱ्या आया, हे इथलं नेहमीचंच चित्र. त्या आईला चिऊची कडी वेगळी ऐकू येते.

आजीचा पक्ष ठरलेला असतो: आम्ही हीच ऐकली, आम्हाला काय झालं? हा युक्तिवाद मला पटत नाही. आपल्याला काय झालं, हे आपल्यालाच कळतं असं थोडंच आहे?

गोष्टीत शेणाचं घर म्हणजे कच्चं, हलकं घर, हे गृहीत धरलंय. लासलगावच्या या निफाड तालुक्यात ते तितकंसं पचत नाही. सारवलेलं अंगण पुष्कळांच्या आठवणीत आहे, पाडव्याला शेणाचे गवळणी-पांडव मांडणारी घरं अजून आहेत. उलट, एप्रिल-मे महिन्यांतल्या इथल्या उन्हात मेणाचं घर दोन दिवस तरी टिकेल का, हा शेतकऱ्याच्या पोराचा रास्त प्रश्न आहे. त्यावर मोठी माणसं सहसा गप्प बसतात. आणि पावसाचं म्हणाल तर 26 नोव्हेंबर 2023 ला या तालुक्यात गारपीट झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, कांद्याचं पीक आडवं झालं. ज्या घरावर असा पाऊस पडून गेलाय तिथं काऊचं घर त्याच्या आळसानं वाहून गेलं, असं सांगणाऱ्याची जीभ अडखळते. पाऊस आला, घर गेलं, त्यात त्याचा काय दोष? मूळ गोष्ट, नीट ऐकली तर, काऊला आळशी म्हणतही नाही. ते आपण मागाहून चिकटवलं, कारण दार न उघडण्याला काहीतरी कारण हवं होतं.

पक्षीशास्त्र तर काऊच्याच बाजूनं साक्ष देईल. कावळा काटक्यांचं, प्रसंगी तारांचे तुकडे ओवून स्वतःचं घरटं बांधतो. कोकिळा त्यात गुपचूप अंडी घालते आणि कावळा-कावळी परक्याची पिलं पोसतात. चिमणी मात्र माणसांच्या घराच्या वळचणीला, भिंतीच्या भोकात, तसबिरीमागे राहते. म्हणजे दुसऱ्याच्या घरात आसरा घेणारी ती, आणि दुसऱ्याचं बाळ सांभाळणारा तो! नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी कृत्रिम घरट्यांची चळवळ चालवली, त्यांच्याच संस्थेच्या पुढाकारानं 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. चिऊला आता खरोखरच घर नाही. आणि ज्या काऊला आपण वर्षभर हाकलतो, त्याचीच भाद्रपदात घराघरांतून पान वाढून मनधरणी चालते. पितृपक्षात पणजोबा म्हणून ज्याला बोलवायचं, त्याचे पंख गोष्टीत चुलीवर पोळवायचे, ही विसंगती पाच वर्षांच्या मुलालाही कळते. विचारतात मुलं.

पण माझ्या मते वादाचं मूळ गोष्टीत नाही, पुस्तकात आहे. गोष्ट तोंडी होती तोवर शेवट सांगणाऱ्याच्या हातात होता. पोर हुंदके देऊ लागलं की आजी काऊला पोळवायची नाही, धाकट्याला हाकलणाऱ्या थोरल्याला मात्र जरा जास्तच पोळवून दाखवायची. प्रत्येक रात्री नवी आवृत्ती. बाजाराजवळच्या एका खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईच्या तोंडून मी ही गोष्ट ऐकली आहे. गोणपाटावर निजलेल्या लेकीला ती सांगत होती, हात चालूच. तिची चिऊ दाराआडून म्हणत होती, थांब, एवढी गोल्टी बाजूला काढते. थांब, पाटी भरू दे. थांब, शेठनं हाक मारलीय. मूल डोळे मिटून ऐकत होतं. काऊची पाळी आलीच नाही. बाईनं आवाज उतरवत नेला आणि दुसरी पाटी पुढे ओढली.

छापील पुस्तकाला हे जमत नाही. तिथं एकच शेवट खिळवावा लागतो आणि चित्रकाराला दाराच्या एका बाजूला उभं राहावं लागतं. आतून चित्र काढलं की पिवळा उजेड, पाळणा, उबदार चिऊ. मूल तिच्या कुशीत जाऊन बसतं. बाहेरून काढलं की काळोख, पाऊस आणि ओलाचिंब काऊ. मूल त्याच्याबरोबर भिजतं. आजीला बाजू निवडावी लागत नव्हती, कारण आवाज दाराच्या दोन्हीकडे असतो. चित्रातला काऊ काळा आणि ओबडधोबड, चिऊ गोंडस आणि परकर-पोलक्यात, एवढं दिसलं की न्याय झालाच. म्हणून पुस्तक विकत घेणारे आईबाप भांडतात. त्यांच्यासमोर कुणीतरी निकाल छापून ठेवलाय.

हे भांडण फक्त आपलंच नाही. 1947 साली, म्हणजे लासलगावची बाजार समिती सुरू झाली त्याच वर्षी, अमेरिकेत मार्गारेट वाइज ब्राउन यांचं ‘गुडनाइट मून’ निघालं. त्यात सशाचं पिल्लू खोलीतल्या एकेका वस्तूला शुभरात्री म्हणतं, बस्स. ना कथा, ना बोध. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयानं हे पुस्तक 1972 पर्यंत घेतलं नाही. आज ते तिकडे घरोघरी असतं. मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या 1963 च्या पुस्तकात आईशी उद्धटपणा करणाऱ्या मुलाला उपाशी झोपायला धाडतात आणि तो मनातल्या राक्षसांच्या बेटावर जाऊन राज्य करून येतो. परत येतो तर जेवण तयार, गरम. बालमानसाचे नामवंत अभ्यासक ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1969 साली या पुस्तकावर टीका केली, मुलं घाबरतील म्हणाले, आणि तीही पुस्तक न वाचता, आयांकडून ऐकून. पुढे 1976 मध्ये त्याच गृहस्थांनी भीतिदायक परीकथा मुलांच्या मनाला कशा हव्याच असतात, यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तज्ज्ञांचं असं असतं.

बालशिक्षणाच्या तज्ज्ञांतही एकमत नव्हतं. मारिया माँटेसरी यांना लहान वयात कल्पित कथा नको होत्या, आधी खरं जग हाताला लागू दे, हे त्यांचं म्हणणं. त्यांचीच पद्धत भावनगरला राबवणारे गिजुभाई बधेका मात्र गोष्टीवेल्हाळ. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक दंगेखोर वर्ग ताब्यात आणतो तो गोष्ट सांगून, छडीनं नव्हे. गोष्ट आनंदासाठी, बोधासाठी नाही, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचं ते काम महाराष्ट्रात आणलं, बोर्डी आणि पुढे कोसबाडपर्यंत नेलं. म्हणजे एकाच पद्धतीच्या घरात गोष्टीवरून दोन मतं होती, आणि तरीही त्या घरानं पिढ्या घडवल्या.

नाशिकच्या तुरुंगात 1933 साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, तीही रात्रीच्या गोष्टींचीच. प्रकरणांऐवजी रात्री, एकूण 42. पोहायला घाबरून माळ्यावर दडलेल्या श्यामला आई शिंपटीनं बडवते, ती रात्र आज काही पालक गाळतात. गाळू देत बापडे. ज्याला बोचेल त्यानं गाळावी, पण पुस्तकच घरातून काढू नये.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मराठीत आणखी एक वाट दाखवली. तिथं कुणी वाईट नाही, कुणाला शिक्षा नाही. घरातली माणसं आहेत आणि ती काय काय करतात ते आहे. अशी पुस्तकं हवीतच. पण ती आहेत म्हणून काऊला निवृत्त करावं, असं मला वाटत नाही. मुलाला कधीतरी दाराबाहेर उभं राहावं लागणार आहे, आणि कधीतरी आत बसून कडी काढायची की नाही हे ठरवावंही लागणार आहे. दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीत, त्याही अंथरुणात, आईच्या दंडावर डोकं ठेवून कळाव्यात, याहून सुरक्षित सोय कोणती?

शिवाय शेवटावर एवढा वाद घालणाऱ्यांनी एक साधी बाब लक्षात घेतलेली नसते. या गोष्टीचं इंजिन शेवटात नाही, सबबींत आहे. अंघोळ, पावडर, तीट, काजळ, झबलं, दूध. तीच चाल, तोच ठेका, दर वेळी थोडं हळू. ती सगळी यादी मूल झोपवण्याचीच आहे. आतल्या बाळाला जे होतं तेच ऐकणाऱ्या बाळाला झालेलं असतं किंवा व्हायचं असतं. दार उघडायची वेळ येते तोवर बहुतेक मुलं झोपलेली असतात. शेवट ऐकायला उरतो तो सांगणारा मोठा माणूस, आणि भांडतोही तोच.

या दिवाळीच्या सुट्टीत बाजार बंद असेल, लिलाव नसतील, बापमंडळी घरी असतील. चिऊ-काऊचं पुस्तक घरात असेल तर चित्रं जरूर दाखवा, पण शेवटचं पान उलटायच्या आधी ते मिटा आणि उरलेली गोष्ट तोंडी सांगा. आजीनं वेगळी सांगितली तर मध्येच तिला दुरुस्त करू नका. आणि माझं मत विचाराल, तर चिऊनं दार उघडावं. बाळाचं सगळं आवरून झाल्यावर उघडावं, आणि काऊला चुलीपासून जरा लांबच बसवावं.