डेम्लो संख्येचा डौल

एक हा अंक नऊ वेळा ओळीने मांडून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानसंज्ञांनी ती वाचावी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी चढत ती नऊ अर्बुदांच्या शिखरास पोचते आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरते. अशा संख्यांस कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. वडाळ्याहून निघून, कुर्ल्यास गाडी बदलून डोंबिवलीस जाणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, त्या स्टेशनाचेच हे जुने नाव, आणि तेथेच कापरेकरांस या संख्यांची कल्पना सुचली!

परंतु हा डौल संख्येचा म्हणावा की लेखनाचा? आपण दहांच्या पायावर अंक मांडतो, म्हणून तो दिसतो. तीच संख्या बारांच्या पायावर लिहिली तर या पायऱ्या नाहीशा होतात. ती पूर्ण वर्ग आहे आणि ३, ३७ व ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव आहेत, एवढे मात्र कोणत्याही लिपीत टळत नाही. दहा एकांचा वर्ग करू जावे तर मध्येच हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे शिखर ढासळलेले उत्तर हाती पडते. मनुष्यास बोटे दहा, एवढ्यावर हे सारे सौंदर्य उभे!

इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० साली याच कारणास्तव अशा अंकचमत्कारांस गंभीर गणितातून वगळले. ८७१२ ही संख्या २१७८ ची चौपट आहे, म्हणजे आपल्याच उलट्या रूपाची चौपट आहे, हे त्यांना कोड्यांच्या सदरापुरते वाटले. त्यांनी केलेला भेद खरा आहे, हे नाकारता येणार नाही. मग १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तरकी करीत ज्याने आयुष्य या अंकांत घालविले, त्याचे श्रम वाया गेले म्हणावयाचे काय?

मला तसे वाटत नाही. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जाऊन १२३४५६७९ चा वर्ग उरतो. (या संख्येत तेवढा आठच गळाला आहे!) अशा, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांस कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. हाही लिपीचाच खेळ खरा. पण नवाने ताळा का जमतो, हे विचारू लागताच दहास नवाने भागून बाकी एक राहते या गोष्टीपाशी आपण येतो, आणि तेथून बाकीचा नियम कोणत्याही पायास लागू पडतो. बारांच्या पायावर तेच काम अकरा करतात. म्हणजे लिपीच्या दारातून शिरलेला मनुष्य लिपीबाहेरच्या अंगणात पोचला. हार्डी यांनी घातलेली भिंत येथे सलग राहात नाही.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले, आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्या वेळी कापरेकरांस निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.