दोन गाद्या आणि एक शपथ

तारकर्लीच्या वाळूवरून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे मालवणच्या समुद्रांतील सिंधुदुर्ग दृष्टीस पडतो. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं तो बांधावयास घेतला, ही गोष्ट तेथील लहान मूलहि सांगेल. परंतु त्याच महाराजांच्या वंशांत पुढें गादीसाठीं तंटा झाला आणि त्याचा निकाल लागतां लागतां हा किल्ला व त्याच्या समोरचा किनारा साताऱ्याकडे न राहतां कोल्हापूरकडे गेला, याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. घरांतलें भांडण चवाठ्यावर आणूं नये, ही आपली रीत आहे. तथापि त्या भांडणांत एक नैतिक प्रश्न असा गुंतलेला आहे कीं, तो टाळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. एका राज्यावर दोघांनीं हक्क सांगितला असतां, ज्यानें एकाची शपथ वाहिली आहे त्या सेवकानें काय करावें?

१७०७ मध्यें औरंगजेब मरण पावला आणि आझमशहानें शाहूंना मोकळें केलें. ताराबाईंचें म्हणणें असें कीं, संभाजी महाराजांबरोबर पहिलें राज्य बुडालें; राजाराम महाराजांनीं जिंजीस जाऊन जें राखलें तें नवें, म्हणून तें त्यांच्या पुत्राचें. आलेला मनुष्य शाहू नसून तोतया आहे, असेंहि त्यांच्या पक्षानें उठविलें. शाहूंचें म्हणणें साधें होतें: थोरल्या शाखेचा वारस मी. आम्हांस विचाराल तर ताराबाईंचा युक्तिवाद मुळींच हास्यास्पद नव्हता. सात वर्षें बादशहाशीं झुंज त्यांनीं चालविली होती. कैदेंतून आलेल्या पुतण्याच्या ओंजळींत तें सर्व टाकावें, असें सांगणारा लेख कोठें होता? निवाडा देणारी सभाहि नव्हती. म्हणून निवाडा भीमेकांठीं खेडच्या मैदानांत झाला. ताराबाईंचे सेनापति धनाजी जाधव शाहूंस मिळाले, आणि १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला.

या धामधुमींत ज्यांच्याकडे आमचें मन पुनःपुन्हां वळतें ते शंकराजी नारायण सचिव होत. राजाराम महाराज जिंजीस असतां रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीनें ज्यांनीं महाराष्ट्र सांभाळला, त्यांपैकीं हे एक. ताराबाईंशीं ते शपथेनें बांधलेले होते. आणि समोर उभे होते ते शिवाजी महाराजांचे नातू. शपथ मोडवेना, नातवावर शस्त्रहि धरवेना. आंबवडें येथें त्यांनीं जलसमाधि घेतली, असें परंपरा सांगते. आपल्याकडे ही कथा निष्ठेचा कळस म्हणून सांगितली जाते. आम्ही ती ऐकतों तेव्हां आदर वाटतोच. परंतु त्याहून अधिक राग येतो, आणि तो शंकराजींवर नव्हे. ज्या राज्यांत सचोटीच्या मनुष्याला बाहेर पडावयास मृत्यूखेरीज दरवाजा नसतो, त्या राज्याच्या रचनेंतच कांहीं तरी कुजलेलें असलें पाहिजे. शपथ व्यक्तीला वाहिली होती, राज्याला नव्हे; आणि व्यक्ति दोन झाल्या.

शाहूंनीं मात्र येथें एक मोठें शहाणपण दाखविलें. सचिवपद त्यांनीं शंकराजींच्या अजाण पुत्रासच, नारो शंकरासच दिलें. परशुरामपंत प्रतिनिधि ताराबाईंचे एकनिष्ठ; सातारा पडला तेव्हां ते हातीं लागले व कैदेंत गेले, पण पुढें त्यांस मुक्त करून त्यांचें पदहि परत देण्यांत आलें. त्यांचा एक पुत्र कोल्हापूरच्या गादीकडे राहून विशाळगडचा प्रतिनिधि झाला, दुसरा साताऱ्यास राहिला. एकाच घरांत दोन गाद्यांचे दोन प्रतिनिधि! याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. ज्या काळांत सत्य कोणत्या बाजूस आहे हें रणांगणावांचून ठरत नव्हतें, त्या काळांत घर वांचविण्याची ती तऱ्हा होती.

कान्होजी आंग्र्यांची गोष्ट निराळी. ताराबाईंच्या बाजूनें त्यांनीं शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केलें. मग १७१३ च्या नोव्हेंबरांत पेशवाईचीं वस्त्रें घेऊन बाळाजी विश्वनाथ त्यांच्याकडे गेले, आणि तलवार न उपसतां कान्होजी शाहूंचे झाले. किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडेच राहिले, सरखेलीहि राहिली. बाळाजीपंतांचें चातुर्य वाखाणावें तेवढें थोडें. परंतु ही निष्ठा कायद्यानें मिळालेली नव्हती, सौद्यानें मिळालेली होती. शंकराजींस देण्याजोगें दार कान्होजींस मिळालें, कारण कान्होजींच्या मागें तोफा होत्या.

हा दोष आमच्याच राजघराण्यांचा, असें मात्र कोणी समजूं नये. लेखी घटना असलेल्या अमेरिकेसहि यांतून जावें लागलें. १८०० सालच्या निवडणुकींत अध्यक्षपदीं असलेले जॉन अ‍ॅडम्स यांस ६५ मतें पडलीं. विरुद्ध पक्षाचे टॉमस जेफर्सन व आरन बर यांस प्रत्येकीं ७३. बर हे उपाध्यक्षपदासाठीं उभे होते. पण दोन पदांचीं मतें निराळीं मोजण्याची सोय घटनेंत नव्हती. (जेफर्सन यांच्या मतांत गुलामांचाहि हिस्सा होता. गुलामास मत नव्हतें, पण पांचांमागें तीन धरून धन्याच्या राज्याचें वजन वाढे!) निवड प्रतिनिधिसभेकडे गेली, आणि तेथें सभासदांत हरलेल्या पक्षाचेच लोक अधिक. १६ राज्यांपैकीं ९ हवीं होतीं. जेफर्सन ८ वर अडले. व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनियांत शस्त्रांची भाषा सुरू झाली. अखेर १७ फेब्रुवारी १८०१ रोजीं ३६ व्या फेरींत गांठ सुटली. डेलावेअरचे एकमेव सभासद जेम्स बेयर्ड यांनीं हट्ट सोडला होता. हाताखालच्या अधिकाऱ्यांस काढणार नाहीं असें आश्वासन आपणांस मिळालें, असें ते पुढें सांगत. जेफर्सन यांनीं तें साफ नाकारलें.

म्हणजे सौद्याची कुजबूज तेथेंहि होतीच, आणि सौदा तेथेंहि सेवकांच्याच भवितव्याविषयीं होता. ४ मार्चला नव्या अध्यक्षांचा शपथविधि झाला. अ‍ॅडम्स त्यापूर्वीं पहाटेसच राजधानी सोडून गेले. हें वागणें अनुदार खरें. पण ते गेले, आणि त्यांच्या मागें कोणा अधिकाऱ्यास नदींत उतरावें लागलें नाहीं. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, एवढेंच. त्यांची शपथ घटनेस वाहिलेली होती. अ‍ॅडम्स जातांच ती मोडली नाहीं. घटनेंतील तो दोषहि १८०४ मध्यें दुरुस्त झाला. जेफर्सन शाहूंहून उदार होते, असें आम्हांस वाटत नाहीं. शाहूंचें औदार्य एका मनुष्याच्या स्वभावांत होतें व त्या मनुष्याबरोबर जाणारें होतें, हा फरक आहे.

आणि त्याची किंमत लहान नव्हती. अमेरिकेंत पेच सहा दिवसांत सुटला. येथें १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चोवीस वर्षें गेलीं, आणि राज्याचे दोन तुकडे झाले ते झालेच. ज्यांची निष्ठा विकत घ्यावी लागली ते सेवक सेवक न राहतां धनी झाले. धन्याला धनी भेटला कीं काय होतें तें विजयदुर्गाच्या खाडीनें १७५६ मध्यें पाहिलें: पेशवे व इंग्रज एक झाले, आणि तुळाजी आंग्र्यांचें आरमार तेथें जळालें.

खुद्द ताराबाईंस त्यांच्याच पक्षांतील लोकांनीं १७१४ मध्यें पन्हाळ्यावर कैदेंत टाकलें. पुढें त्या साताऱ्यास आल्या. शाहूंनीं त्यांस नजरेखालीं, पण मानानें ठेविलें. १७४९ च्या डिसेंबरांत शाहू निपुत्रिक वारले, तेव्हां रामराजा हा आपला नातू म्हणून त्यांनींच पुढें आणिला, आणि त्यास राज्याभिषेक झाला. वर्ष संपतें न संपतें तोंच त्यांनीं त्यास कैद केलें, आणि हा आपला नातू नव्हे, तोतया आहे, असें जाहीर केलें.