ठेवीदार, किल्ली आणि कलम आठ

4 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ही बँक 1910 सालची. आजोबांनी खाते उघडले म्हणून वडिलांनी चालू ठेवले आणि वडिलांचे होते म्हणून मुलाने, अशा पिढीजात विश्वासावर चाललेली. ठेवींवरचे विम्याचे संरक्षण 5 लाखांपर्यंतच. त्याहून जास्त रक्कम ठेवलेल्यांच्या वाट्याला आली ती अवसायकाच्या वसुलीची प्रतीक्षा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण या बँकेचा विषय निघाला की लोक अजूनही ‘नगर अर्बन’ म्हणूनच सुस्कारा टाकतात.

त्याच वर्षी मे महिन्यात सोलाना मोबाइल या कंपनीने ‘सागा’ नावाचा स्मार्टफोन बाजारात आणला. क्रिप्टो चलन बाळगणाऱ्यांसाठीच बनवलेला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. या फोनमागचा विचार साधा होता : बँकेवर विश्वास ठेवू नका, दलालावर नको, सरकारवरही नको, तुमच्या पैशाची किल्ली तुमच्याच हातात ठेवा. ज्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे बँकेत अडकले त्याला हे म्हणणे वेडगळ वाटणार नाही. शहरातले अर्थतज्ज्ञ क्रिप्टोच्या नादाला लागलेल्यांना हसतात तेव्हा एवढी गोष्ट ते विसरतात. बँक बुडाल्यावर माणूस संस्थांपासून पळतोच.

पळून तो जातो कुठे, हे मात्र बघायला हवे.

सागाची किंमत सुरुवातीला 1000 डॉलर होती. खप होईना म्हणून काही महिन्यांत ती 599 डॉलरवर आली. मग डिसेंबरात अचानक सगळे फोन संपले. गोपनीयतेची ओढ एकाएकी वाढली म्हणून नव्हे. फोनसोबत फुकट मिळणाऱ्या ‘बाँक’ या टोकनचा भाव फोनच्या किमतीच्या वर गेला म्हणून. पुढचा सुधारित फोन ‘सीकर’. साडेचारशे-पाचशे डॉलरचा, दीड लाखांहून अधिक आगाऊ मागणी आलेला आणि ऑगस्ट 2025 पासून ग्राहकांच्या हाती पडू लागलेला. दोन्ही फोनांची खरी करामत आहे ती ‘सीड व्हॉल्ट’मध्ये. तुमची गुप्त किल्ली फोनमधल्या एका वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात राहते. ॲपला ती दिसत नाही. व्यवहारावर फक्त सही होऊन बाहेर येते. तांत्रिकदृष्ट्या हे काम चांगले आहे आणि तसे म्हणायला कचरण्याचे कारण नाही. किल्ली दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, ते 18 जुलै 2024 ला भारतातल्या लाखो लोकांनी पाहिले. वझीरएक्स या आपल्याकडच्या क्रिप्टो बाजारातून सुमारे 23 कोटी डॉलर चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षभराहून अधिक काळ अडकून पडले. बँकेसारखेच, फक्त विम्याचे 5 लाखही नाहीत.

पण किल्ली स्वतःच्या हातात घेणे म्हणजे तिची सगळी जोखीमही हातात घेणे. वॉलेट उघडताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात. ते हरवले तर पैसे गेले. ते कोणी पाहिले तरी पैसे गेले. इथे वारसनोंद नाही, सहकार निबंधक नाही, तक्रार अर्ज नाही, कोर्टाची पायरीही नाही. म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला आणि ते शब्द त्याच्या डोक्यातच राहिले, तर मुलांना एक छदाम मिळणार नाही. बुडालेल्या बँकेच्या ठेवीदाराला निदान मोर्चा काढता येतो.

शिवाय एक मोठा गैरसमज आहे. क्रिप्टो म्हणजे गुप्त, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बिटकॉइन किंवा सोलाना या चलनांचा प्रत्येक व्यवहार जगातल्या कोणालाही वाचता येईल अशा खातेवहीत कायमचा नोंदला जातो. तिथे नावाऐवजी आकडे-अक्षरांचा पत्ता असतो, इतकेच. तो पत्ता तुमचा आहे हे एकदा कोणाला कळले, की मागचे-पुढचे सगळे व्यवहार त्याच्यासमोर उघडे. बँकेचे पासबुक निदान शेजाऱ्याला वाचता येत नव्हते. आणि किल्ली तुमची असली तरी कुलूप कंपनीचेच राहते : बाजारात आल्यानंतर दोन-अडीच वर्षांतच सागाची सुरक्षा अद्यतने कंपनीने थांबवली. कोणावरही विश्वास ठेवू नका असे सांगून विकलेला फोन शेवटी कंपनीच्या मर्जीवरच सुरक्षित राहणार होता. ग्राहकापुढे पर्याय एकच उरतो, नवा फोन घ्या.

आता नगर जिल्ह्यातल्याच शेवगावकडे येऊ. 2024 साली शेवगाव तालुक्यात कथित शेअर ट्रेडिंग करणाऱ्यांनी महिन्याला डोळे दिपवणारा परतावा देतो म्हणून लोकांकडून पैसे घेतले आणि नंतर एकामागून एक ते पसार झाले. तालुक्यात त्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. या साऱ्यात कोणीही कोणाचे कुलूप फोडले नव्हते. पैसे लोकांनी आपल्या हातांनी दिले होते, ओळखीच्या माणसांना, विश्वासाने. सीड व्हॉल्टने यातला एक रुपयाही वाचला नसता. याच फसवणुकीची ऑनलाइन आवृत्ती आज रोज घडते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते, तिच्यातून व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये प्रवेश मिळतो, तिथे नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारी मंडळी आधीच बसलेली असतात, मग एक खोटे ट्रेडिंग ॲप येते. त्यात आकडे वाढत राहतात आणि पैसे काढायला गेले की ‘कर भरा’ म्हणून आणखी मागणी होते. भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून फिरत फिरत पैसा बहुतेकदा क्रिप्टोत जातो आणि देशाबाहेर निघतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करायचा तो पहिल्या तासात. बहुतेकांना कळते तेव्हा दिवस उलटलेले असतात.

या ठिकाणी प्लॅटफॉर्मची जबाबदारी किती? कंपन्यांचे उत्तर ठरलेले : आम्ही फक्त मध्यस्थ, संदेश बंद पाकिटात जातात, आम्हाला आत काय आहे ते दिसत नाही. सरकारचेही ठरलेले : मग पाकीट उघडा. ही दोन्ही उत्तरे एकमेकांना सोयीची आहेत, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. दोघेही पाकिटाबद्दलच बोलतात, पाकीट वाटणाऱ्या यंत्रणेबद्दल कोणीच नाही.

ही यंत्रणा पाकीट न उघडताही बदलता येते, याला पुरावा आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेली माणसे होती. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. 2020 मध्ये, पुष्कळ वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल अशी आणखी कडक मर्यादा आली आणि असे संदेश 70 टक्क्यांनी कमी झाल्याचे कंपनीनेच सांगितले. यासाठी एकही संदेश वाचावा लागला नाही, एकही कुलूप उघडावे लागले नाही. फक्त फॉरवर्ड करण्याच्या बटणाची रचना बदलावी लागली. याचा अर्थ असा की हे आधीही करता आले असते. पाच माणसे मेल्यावर सुचले.

जाहिरातींचे तर याहून सोपे आहे. जाहिरात बंद पाकिटात येत नाही. ती कंपनीने पाहिलेली असते, तिचे पैसे कंपनीने घेतलेले असतात आणि ती कोणाला दाखवायची हे कंपनीच्याच यंत्राने ठरवलेले असते. ‘दरमहा 30 टक्के’ असे सांगणारी जाहिरात नगरच्या निवृत्त शिक्षकाला दिसली, तर कंपनीला मध्यस्थ म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 79 व्या कलमाने मध्यस्थांना दिलेले संरक्षण पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला का मिळावे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

सरकारने मात्र दुसरीच वाट धरली. फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेश सेवांना, संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून देण्याची सक्ती केली. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 2024 मध्ये कंपनीच्या वकिलांनी सांगितले, की संदेशांचे कुलूप (एन्क्रिप्शन) तोडायला लावले तर आम्हाला भारतातून जावे लागेल. धमकीचा भाग सोडून देऊ. कंपनी आपला धंदा बघते. पण ‘पहिला पाठवणारा’ ही कल्पनाच लंगडी आहे. मजकूर कॉपी करून नव्याने टाकला, किंवा परदेशातल्या क्रमांकावरून आला, की माग तिथेच तुटतो. सराईत गुन्हेगाराला हे ठाऊक असते. सापडतो तो रागाच्या भरात काहीतरी टाकणारा कॉलेजचा पोरगा. आणि त्या एका पोरासाठी करोडोंच्या संदेशांवर खूण ठेवावी लागते.

पोलिसांच्या हाती किल्ली दिली तर ती सुरक्षित राहील असे मानणाऱ्यांनी पुण्याचे एक प्रकरण आठवावे. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी क्रिप्टोच्या मोठ्या फसवणुकीच्या तपासात बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेतली होती. त्यांतल्या दोघांना, एका माजी आयपीएस अधिकाऱ्याला आणि एका सायबर तज्ज्ञाला, मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. आरोप असा, की तपासासाठी हाती आलेली आभासी चलने त्यांनी परस्पर वळवली. आरोप न्यायालयात काय ठरतील ते ठरोत. सगळे उघडणारी किल्ली एका जागी असली की तिचा मोह कोणालाही पडू शकतो, एवढे समजायला निकालाची गरज नाही. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस केंद्राने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच बसवण्याचा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर 3 डिसेंबरला मागे घेतला. हेतू चोरीचे फोन शोधण्याचा असेलही. परंतु घरात येण्याआधी विचारण्याची रीत सरकारलाही पाळावी लागते, हे त्या चार-पाच दिवसांत दिसले. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयतेला मूलभूत हक्क म्हटले ते याचसाठी.

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग गोपनीयतेचा कायदा आला ते बरेच झाले. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला खरा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना त्यात दीड वर्षाची मुदत आहे. सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून सूटही देऊ शकते. मात्र कायद्याचे एक पोटकलम ताबडतोब लागू झाले : 44(3). त्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) बदलले. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती उघड केल्याने खासगीपणावर अकारण घाला येतो, हे दाखवावे लागे. व्यापक जनहित असेल तर ती द्यावीही लागे. आता माहिती व्यक्तिगत आहे, एवढे म्हटले की पुरे. जनहिताचे कलम 8(2) शाबूत आहे असे सरकार सांगते. खरे आहे. पण त्या कलमासाठी सामान्य माणसाला अपिलाच्या पायऱ्या चढाव्या लागतील आणि माहिती अधिकाऱ्याला नकाराचे एक वाक्य लिहिले की मोकळे.

हा बदल नगर जिल्ह्याला सर्वांत जास्त बोचायला हवा. माहिती अधिकाराच्या महाराष्ट्रातल्या लढ्याचे मुख्य ठाणे होते पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. अण्णा हजारे ऑगस्ट 2003 मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे राज्याचा कायदा मार्गी लागला. केंद्राचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. अण्णांच्या पुढच्या राजकारणाबद्दल कोणाचे काही मत असो, सरपंचाला हिशेब विचारायची सवय या भागात त्या काळात रुजली.

आणि ठेवीदाराचे काय? बँक बुडते ती तिच्या कुलपात दोष असतो म्हणून नव्हे. कर्ज कोणाला दिले, कोणत्या तारणावर दिले, थकल्यावर कोणी मुदत वाढवली, हे वेळेत कोणाला कळत नाही म्हणून बुडते. डिसेंबर 2015 मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला बजावले होते, की बँकांचे तपासणी अहवाल आणि थकबाकीदारांची माहिती लोकांपासून दडवता येणार नाही. सहकारी संस्था स्वतः माहिती अधिकाराखाली सरसकट येत नसल्या, तरी निबंधकाच्या कार्यालयातले कागद मागता येतात. त्या कागदांवर माणसांची नावे असतात. ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ असे म्हणून ते आता फाइलबंद ठेवणे सोपे झाले आहे. ज्याचा खासगीपणा जपायला हवा तो शिक्षक ट्रेडिंगच्या जाहिरातींसमोर उघडा पडला आहे आणि ज्याचे व्यवहार उघडे हवेत तो थकबाकीदार कायद्याच्या आड गेला आहे. पाचशे डॉलरच्या फोनने यातले काहीच बदलत नाही.

म्हणून नगर जिल्ह्यातल्या ग्रामसभांना माझे सांगणे आहे. या वर्षीच्या सभेत दोन ठराव घ्या. पहिला, माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधला बदल रद्द करून मूळ शब्द परत आणावेत. दुसरा, आर्थिक फसवणुकीची जाहिरात पैसे घेऊन दाखवणाऱ्या कंपनीवर फसलेल्याच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने टाकावी. ठरावाच्या प्रती खासदारांकडे पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका.